समुद्राची जमीन आणि मुलांचें मैदान

जपानच्या मुख्य बेटाच्या ईशान्येस पॅसिफिक महासागराला लागून जी किनारपट्टी आहे तिला सानरिकू असें नांव आहे. कोंकणचा किनारा ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हिची ठेवण कांहींशी ओळखीची वाटेल. डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरलेले, त्यांच्या मधून खाड्या आंत शिरलेल्या, आणि प्रत्येक खाडीच्या टोंकाशीं चिमूटभर सपाट जमीन. त्या चिमूटभर जमिनीवर गांव, बंदर, शेत, शाळा, सर्व कांहीं वसवावयाचें. ह्याच किनाऱ्यावर इवाते प्रांतांत ओफुनातो नांवाचें लहानसें शहर आहे. १९५२ सालीं जवळजवळचीं गांवें एकत्र होऊन तें बनलें आणि २००१ सालीं शेजारचें सानरिकू गांव आपल्या वाड्यांसह त्यांत सामील झालें. मासेमारी, कालवांची व समुद्री शेवाळाची शेती आणि सिमेंटचा कारखाना हे येथील लोकांचे पोटाचे उद्योग.

ह्या शहरापुढें गेलीं सव्वाशें वर्षें एकच प्रश्न पुन्हां पुन्हां उभा राहिला आहे. समुद्रानें एकदां घेतलेल्या जमिनीचें पुढें काय करावें? एका वाडीनें त्याचें एक उत्तर शोधलें. आणि पुष्कळ वर्षांनीं, ह्याच शहरांत शिकलेल्या एका फूटबॉलपटूनें त्याच उत्तराला निराळें रूप दिलें.

सानरिकूच्या समोर समुद्रतळाशीं एक खोल दरी आहे. तेथें पॅसिफिक महासागराचा तळ वर्षाला सुमारें आठ सेंटिमीटर ह्या गतीनें जपानच्या भूभागाखालीं सरकत असतो. वरचा थर त्याच्याबरोबर ओढला जातो, वांकतो, आणि ताण असह्य झाला कीं एकदम सुटून उसळतो. धरणीकंप होतो तो ह्यामुळें. आणि त्या उसळीसरशीं डोक्यावरचें सारें पाणी ढकललें जाऊन जी लाट निघते तीच त्सुनामी. ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. भारतांत हा शब्द घरोघरीं पोहोंचला तो २६ डिसेंबर २००४ नंतर. सानरिकूच्या कोळ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भर समुद्रांत ही लाट उंच नसते, वेग मात्र विमानासारखा असतो. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालें कीं तिचा वेग मंदावतो आणि मागचें पाणी पुढच्यावर चढूं लागतें. त्यांतच सानरिकूच्या खाड्या तोंडाशीं रुंद व आंत निमुळत्या. नरसाळ्यांत ओतल्याप्रमाणें पाणी कोंडून वर वर चढतें.

१५ जून १८९६ रोजीं संध्याकाळीं असा एक धरणीकंप झाला. धक्का सौम्य होता. सणाचा दिवस होता, लोक घरोघरीं जेवणाखाण्यांत होते. कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. अर्ध्या तासानंतर लाट आली. समुद्रावर मासेमारीस गेलेल्या कोळ्यांना होडीखालून कांहीं गेल्याचें कळलेंही नाहीं. ते परतले तेव्हां गांव जाग्यावर नव्हतें. सबंध किनाऱ्यावर सुमारें बावीस हजार माणसें दगावलीं. आज ओफुनातोंत मोडणाऱ्या र्‍योरी गांवांत पाणी डोंगरउतारावर सुमारें ३८ मीटर उंचीपर्यंत चढल्याची नोंद आहे.

र्‍योरीच्या उत्तरेस थोड्या अंतरावर योशिहामा ही वाडी आहे. त्या रात्रीं तेथें दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. उरलेल्यांपुढें दोन मार्ग होते. होडी आणि जाळें जेथें आहे तेथेंच, पाण्याजवळ, पुन्हां घर बांधावें, अथवा रोजच्या चढउताराचे कष्ट पत्करून डोंगरावर जावें. अनेक गांवांनीं पहिला मार्ग धरला, आणि त्यांना दोष देतां येत नाहीं. कोळ्याचें पोट पाण्याजवळ असतें. योशिहामाच्या गांवप्रमुखानें मात्र वस्ती उंचावर नेण्याचा आग्रह धरला, आणि खालचा रस्ताही वर हलविण्यांत आला. ३ मार्च १९३३ च्या पहांटेपूर्वीं दुसरी मोठी लाट आली. किनाऱ्यावर सुमारें तीन हजार लोक बळी पडले, योशिहामांत सतरा. खालच्या बाजूस जीं घरें उरलीं होतीं तींही त्यानंतर वर नेण्यांत आलीं.

मग खालच्या जमिनीचें काय? तेथें भातखाचरें झालीं. योशिहामाच्या निर्णयांतील खरें शहाणपण येथें दिसतें. गांवानें ती जमीन टाकून दिली नाहीं. तिचा उपयोग तेवढा बदलला. पीक बुडालें तर एका वर्षाचें बुडेल, माणूस बुडणार नाहीं, असा हा साधा हिशेब होता. १९३३ च्या लाटेनें सुमारें तीस टनांची एक शिळा वाहून आणून किनाऱ्याच्या आंत टाकली होती. गांवकऱ्यांनीं तिच्यावर लाटेची तारीख व हकीगत कोरून ठेवली. पुढें रस्त्याच्या कामांत ही शिळा मातीखालीं गाडली गेली. दगडावरची आठवण अशी पुसली गेली, परंतु वस्तीच्या मांडणींत जी आठवण बसली होती ती कायम राहिली.

समुद्र दर वेळीं नवीन रूपानें येतो हें १९६० सालीं पुन्हां दिसलें. १८९६ त धक्का सौम्य होता, १९३३ त जोराचा होता. २४ मे १९६० रोजीं धक्का मुळींच नव्हता. महासागराच्या पलीकडे चिलीमध्यें झालेल्या धरणीकंपाची लाट जवळजवळ एक दिवस प्रवास करून पहांटेस जपानला पोहोंचली. ओफुनातोची खाडी लांब व अरुंद असल्यामुळें अशा लांब लाटा तींत विशेष फुगतात. जपानांत सुमारें १४० लोक मेले वा बेपत्ता झाले, त्यांतले पन्नासांहून अधिक एकट्या ओफुनातोंतले. त्यानंतर खाडीच्या मुखाशीं लाट अडविणारा प्रचंड बांध घालण्यांत आला. १९६७ सालीं तो पुरा झाला.

ह्या शहरांतल्या हायस्कुलांत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मित्सुओ ओगासावारा हा मुलगा शिकत होता. त्याचा जन्म १९७९ सालीं प्रांताची राजधानी मोरिओका येथें झाला. फूटबॉलसाठीं तो डोंगर ओलांडून किनाऱ्यावर आला. शाळा संपतांच १९९८ सालीं त्याला काशिमा अँटलर्स ह्या क्लबानें घेतलें.

काशिमा हाही समुद्रकांठचा लहान गांवच. वाळूच्या टेकड्या खणून तेथें कारखान्यांसाठीं बंदर केलेलें, आणि क्लबाचा उगमही पोलादाच्या कारखान्यांतील कामगारांच्या संघांत. १९९१ सालीं ब्राझीलचा विख्यात खेळाडू झिको तेथें आला आणि १९९३ त जपानची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हां ह्या आडगांवच्या संघानें मोठमोठ्या शहरांना मागें टाकलें. ओगासावारा तेथें गेला तो अशा वातावरणांत. मधल्या फळींत राहून प्रतिपक्षाचा चेंडू हिसकावणें, मग डोकें वर करून तो नेमका सोडणें, आणि थांबलेल्या चेंडूवर अचूक लाथ मारणें हा त्याचा खेळ.

१९९९ सालीं नायजेरियांत झालेल्या जागतिक युवक स्पर्धेंत जपानचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्या संघांत तो होता. २००० सालीं काशिमानें देशांतील तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. २००१ च्या लीगचा निर्णय जादा वेळेंत लागला, आणि तो त्याच्या फ्री किकनें लागला. २००२ व २००६ अशा दोन्ही विश्वचषकांत जपानच्या संघांत त्याची निवड झाली. २००६ त तो इटलींतील मेसिना क्लबाकडे गेला. तेथें त्याला मोजकेच सामने खेळावयास मिळाले. २००७ त परत आल्यावर मात्र काशिमानें सलग तीन वर्षें लीग जिंकली आणि २००९ सालीं तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

११ मार्च २०११ रोजीं दुपारीं २ वाजून ४६ मिनिटांनीं सानरिकूच्या समोर ९.० तीव्रतेचा धरणीकंप झाला. र्‍योरीच्या परिसरांत ह्या वेळीं पाणी सुमारें ४० मीटर उंचीपर्यंत चढलें. खाडीच्या मुखाशीं असलेला बांध फुटला. ओफुनातोंत मेलेल्या व बेपत्ता झालेल्या माणसांची संख्या चारशेंवर गेली. योशिहामांत एक माणूस बेपत्ता झाला. खालचीं भातखाचरें पाण्याखालीं गेलीं. वरचीं घरें बहुतेक राहिलीं. आणि त्याच पाण्यानें माती ओरबाडून नेली तेव्हां गाडलेली ती १९३३ ची शिळा पुन्हां उघडी पडली.

शेजारच्या ओकिराई गांवांतील प्राथमिक शाळा समुद्राजवळ होती. मुलांना वरच्या रस्त्यावर जावयाचें तर आधीं खालीं उतरून वळसा घ्यावा लागे. नगरसभेच्या एका सभासदानें वर्षानुवर्षें तगादा लावल्यामुळें दुसऱ्या मजल्यावरून थेट डोंगराच्या रस्त्यावर जाणारा एक लहान पूल डिसेंबर २०१० मध्यें बांधून झाला. तो सभासद धरणीकंपाच्या थोडेच दिवस आधीं वारला. त्या दुपारीं शाळेचीं मुलें त्या पुलावरून वर गेलीं आणि वांचलीं. त्यांच्यामागें शाळा बुडाली.

खाडीच्या कांठावरील आकासाकी येथील शाळाही अशीच बुडाली. तेथेंही मुलें आधींच उंचावर गेलीं होतीं. परंतु ह्या साऱ्या मुलांपुढें आतां एक निराळीच अडचण उभी राहिली. सपाट जमीन आधींच थोडी. त्यांतली समुद्रानें उध्वस्त केलेली. उरलेल्या शाळांच्या क्रीडांगणांवर बेघर झालेल्या कुटुंबांसाठीं तात्पुरत्या घरांच्या रांगा उभ्या राहिलेल्या. निवारा आधीं हवा ह्यांत वाद नाहीं. तथापि, खेळावयास जागा नाहीं अशा स्थितींत मुलांचीं कित्येक वर्षें जाणार होतीं. आणि मूल सात वर्षांचें असतांना गेलेलीं तीन वर्षें त्याला पुढें परत मिळत नाहींत.

ओगासावाराचें वय तेव्हां बत्तीशीला टेकलें होतें. काशिमाच्या मैदानाचेंही ह्या धरणीकंपांत नुकसान झालें होतें आणि लीग २३ एप्रिलपर्यंत बंद होती. मदतीचें सामान घेऊन तो आपल्या जुन्या गांवाकडे गेला. २९ मार्च रोजीं ओसाका येथें मदतीसाठीं झालेल्या सामन्यांत लीगच्या निवडक संघांत त्याचा समावेश होता. ईशान्य प्रांतांत जन्मलेल्या व्यावसायिक खेळाडूंना गोळा करून त्यानें ‘तोहोकुजिन दामाशी’ ही संघटना काढली. ईशान्येच्या माणसांचा बाणा, असा ह्या नांवाचा भावार्थ. किनाऱ्यावरच्या मुलांना काशिमास बोलावणें, त्यांच्याकडे जाऊन त्यांच्याबरोबर खेळणें, हें काम ह्या खेळाडूंनीं हातीं घेतलें. पाहुणे येऊन जातात तो दिवस आनंदाचा असतो. पण दुसऱ्या दिवशीं चेंडू कोठें खेळावयाचा हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून ओगासावारानें व त्याच्या तेथील जुन्या स्नेह्यांनीं मैदानाचाच ध्यास घेतला.

जागा मिळाली ती आकासाकीच्या पडलेल्या शाळेची. तेथें पुन्हां राहतीं घरें बांधणें शहाणपणाचें नव्हतें. ढिगारे उपसून व जमीन सारखी करून तेथें फूटबॉलचें मैदान करण्यांत आलें आणि २०१३ पासून मुलें तेथें खेळूं लागलीं. पुढें त्यावर कृत्रिम हिरवळही घालण्यांत आली. शाळा स्वतः उंच जागीं नव्यानें बांधण्यांत आली. झोपावयाचें उंचावर, शिकावयाचें उंचावर, आणि ज्या जमिनीवरून हांक ऐकतांच पळून जातां येईल तेथें खेळावयाचें! योशिहामानें शतकापूर्वीं भातखाचरांनीं जें केलें तेंच येथें चेंडूनें झालें.

ओगासावारा त्यानंतरही खेळत राहिला. २०१६ च्या जागतिक क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत काशिमानें रेआल माद्रिदला जादा वेळेपर्यंत झुंजविलें. काशिमाचा कप्तान तोच होता. २०१८ सालीं क्लबानें आशियाचें अजिंक्यपद मिळविलें आणि त्या वर्षाच्या अखेरीस तो निवृत्त झाला. त्याच्या क्लबांतील कारकीर्दींत काशिमानें सतरा मोठ्या स्पर्धा जिंकल्या. लीगचे पाचशेंहून अधिक सामने त्याच्या नांवावर आहेत. निवृत्तीनंतर तो त्याच क्लबांत लहान मुलांच्या संघांचा मार्गदर्शक झाला.

मैदानानें सर्व दुःखें मिटत नाहींत. २०१० सालीं ओफुनातोची वस्ती सुमारें ४०,७०० होती. २०२० सालीं ती ३४,७०० वर आली. तरुण माणसें शहरें धरतात हें आपल्याकडील किनाऱ्यालाही ठाऊक आहे. आणि संकट केवळ पाण्यांतूनच येतें असेंही नाहीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें ओफुनातोंत महिनाभरांत अवघा २.५ मिलिमीटर पाऊस झाला, आणि महिन्याच्या अखेरीस र्‍योरी व आकासाकीच्या रानांत वणवा पेटला. सुमारें तीन हजार हेक्टर जंगल जळालें, दोनशेंहून अधिक इमारतींना झळ लागली आणि हजारों माणसांना घरें सोडावीं लागलीं. लाटेपासून वांचण्यासाठीं जे उंच गेले त्यांच्या उंबऱ्याशीं ह्या वेळीं डोंगरावरून आग आली.

तरीही योशिहामाचा धडा खोटा ठरत नाहीं. सर्व संकटांवर चालणारें एकच औषध त्या वाडीनें कधीं सांगितलें नव्हतें. समुद्र पुन्हां येणार हें मान्य करून, त्याच्या वाटेवर काय ठेवावें आणि काय ठेवूं नये एवढेंच तिनें ठरविलें. शिळा मातीखालीं जाते, बांध फुटतो. पण रोज सकाळीं डोंगर उतरून भाताच्या शेतांत जाणारा शेतकरी आणि रोज संध्याकाळीं खेळ संपवून डोंगर चढणारा मुलगा, हे दोघेही ती आठवण न बोलतां पायांनीं पाठ करीत असतात.