गांवाचा शब्द सरकारदरबारीं

मुळशीच्या धरणाचें पाणी आज शांत दिसतें. परंतु १९२१ सालीं याच खोऱ्यांतील शेतकरी सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्यासह टाटांच्या या धरणाविरुद्ध सत्याग्रहास उभे राहिले होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें जमिनी घेतल्या गेल्या. गांवाची संमती विचारण्याची सोय त्या कायद्यांत नव्हती.

आज गांवाला बोलावयास जागा आहे, ती ग्रामसभा. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आणि १९९३ सालीं अमलांत आलेली ७३ वी घटनादुरुस्ती हे तिचे आधार. मतदारयादींत नांव असलेला प्रत्येक ग्रामस्थ तिचा सभासद. वर्षांतून निदान चार सभा भरवाव्या लागतात. त्यांपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा होते. तेथें पंचायतीचा जमाखर्च मांडला जातो, सरकारी योजनांचे लाभार्थी ठरतात. झालेला ठराव इतिवृत्तांत उतरला म्हणजे तोच कागद पौडच्या पंचायत समितीपुढें गांवाचा शब्द म्हणून ठेवतां येतो.

मात्र एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. गणपूर्तीस १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकीं जी संख्या कमी ती पुरते. आणि ती न भरल्यास तहकूब झालेल्या सभेस गणपूर्तीचें बंधन उरत नाहीं. म्हणजे आपण घरीं बसल्यानें सभा अडत नाहीं. आपल्यावांचून निर्णय मात्र होतो. हिंजवडीसारख्या गांवीं नव्यानें राहावयास आलेल्या सुशिक्षित कुटुंबांनीं हें विशेष जाणावें. सभेची नोटीस लागली कीं घरांतील एकानें तरी, सासूसुनांपैकीं कोणी गेल्यास अधिकच उत्तम, जमाखर्च ऐकावा, शंका विचारावी आणि ती इतिवृत्तांत लिहवून घ्यावी. शंभर वर्षांपूर्वीं ज्यांना ही सभा लाभली नाहीं, त्यांचें एवढें ऋण आम्हां सर्वांवर आहेच.