जाताना दोन तास वीस मिनिटं, येताना वीस मिनिटं

एसटीच्या डेपोत मी सव्वीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. वेळापत्रक हातात पडलं की सुटायची वेळ, पोचायची वेळ ताडून बघायची खोड अजून जात नाही. लेक-जावई लिस्बनला असतात. गेल्या जूनमध्ये त्यांनी मला माद्रिद दाखवायचं ठरवलं आणि तिकिटावरच मी अडलो. लिस्बनहून सुटणार 10:05, माद्रिदला पोचणार 12:25. परतीला माद्रिदहून 19:00, लिस्बनला 19:20! असा तक्ता मी लावला असता, तर डेपो मॅनेजरांनी आत बोलावून घेतलं असतं.

"बाबा, स्पेनचं घड्याळ तासभर पुढे असतं," लेक हसली.

म्हणजे दोन्हीकडून एक तास वीस मिनिटंच. खरं तर माद्रिद ग्रीनिचच्याही पश्चिमेला. सूर्याचं ऐकलं तर त्याचं घड्याळ लंडनशी जुळायला हवं. पण 1940 साली फ्रँकोच्या राजवटीत ते तासभर पुढे सरकवलं गेलं, ते तसंच राहिलं. पोर्तुगालनेही 1992 ते 1996 हा प्रयोग करून पाहिला. हिवाळ्यात सकाळ उजाडेच ना, मग सोडून दिला. आपल्याकडेही 1955 पर्यंत मुंबईचं घड्याळ देशापेक्षा 39 मिनिटं मागे होतंच की.

आता अंतर. सरळ रेषेत सुमारे 500 किलोमीटर. आमच्या हिशेबाने, सहा किलोमीटरचा एक टप्पा धरला, तर 83-84 टप्पे. वर गेल्यावर विमान ताशी 800 किलोमीटरने पळतं. मग चाळीस मिनिटांत का पोचू नये? जाताना मी घड्याळ लावूनच बसलो. जागेवरून हलल्यापासून चाकं उचलेपर्यंत 17 मिनिटं. हवेत 52, त्यातला बराचसा वेळ चढण्या-उतरण्यात. माद्रिदला उतरून दारापर्यंत आणखी 9. तिकिटावरची वेळ आमच्यासारखीच, फलाटापासून फलाटापर्यंतची! एसटी घाटात रेंगाळते, हे धावपट्टीच्या वाटेवर.

रस्त्याने हेच अंतर सव्वासहाशेच्या आसपास जातं. रेल्वेची मात्र गंमत आहे. दोन शेजारी देशांच्या राजधान्या, पण थेट गाडी नाही. रात्रीची 'लुसितानिया' होती, ती 2020 मध्ये थांबली. आता गाड्या बदलत गेलं तर अख्खा दिवस मोडतो. विमानतळावर दोन तास आधी जाऊन बसायचा त्रास धरूनही विमानच सोयीचं, हे मला एसटीवाल्याला कबूल करावं लागलं.

माद्रिदला रात्री साडेनऊला लख्ख ऊन होतं. रात्रीची गोळी हातात घेऊन मी खिडकीशी उभा, घ्यावी की थांबावं?

परतताना मुद्दाम घड्याळ मागे केलं नाही. लिस्बनला दार उघडलं तेव्हा भिंतीवर 19:18 होते, माझ्या मनगटावर 20:18. गाडी दोन मिनिटं आधी.