रुग्णाची गोपनीयता : कायदा आणि कर्तव्य

आपल्या देणगीतून कोणावर उपचार झाले, अशी विचारणा काही हितचिंतक आपुलकीने करतात. नाव का सांगितले जात नाही, याचा हा खुलासा.

पती-पत्नीतील तसेच वकील-अशिलातील गोपनीय संभाषणास १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने संरक्षण दिले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. डॉक्टर-रुग्णातील संभाषणास मात्र तसे संरक्षण नाही. न्यायाधीशांनी आदेश दिल्यास डॉक्टरांना सांगावेच लागते. न्यायालयाबाहेर वैद्यकीय परिषदेची २००२ ची आचारसंहिता बंधनकारक आहे. तीनुसार, इतरांस गंभीर धोका असल्यास किंवा कळविणे सक्तीचे असलेला रोग असल्यासच अपवाद होतो. स्वतः रुग्णाने अथवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात.

नाशिक परिसरातील गावांत नावामागोमाग आजारही घरोघरी पोहोचतो. त्या धास्तीने क्षयरोगी उपचार लांबवतो आणि रोग बळावतो.

संस्थेचा जमाखर्च आपणांस सदैव खुला आहे. रुग्णाचा केसपेपर ही मात्र त्याची ठेव आहे. तिचे आपण सर्वच विश्वस्त आहोत.