लेखी राज्यघटना आणि सत्तेचा लगाम

राज्यघटना म्हणजे राज्यकर्त्यांच्या सत्तेभोंवतीं घातलेलें कुंपण, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु कुंपणाची राखण ज्यांच्याकडे, तेच जर तें ओलांडूं लागले, तर कागदावरील शब्द त्यांना कसे अडविणार? हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हे; इतिहासानें तो वारंवार विचारलेला आहे.

जर्मनीची १९१९ सालची वायमार घटना नागरिकांच्या हक्कांच्या बाबतींत मोठी उदार होती. मात्र सार्वजनिक सुरक्षितता धोक्यांत आल्यास कांहीं मूलभूत हक्क तहकूब करण्याचा अधिकार तिच्याच ४८व्या कलमानें राष्ट्राध्यक्षाला दिला होता. २८ फेब्रुवारी १९३३ रोजीं, म्हणजे राइशस्टागच्या इमारतीला आग लागल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, या कलमाच्या आधारें हुकूम निघाला. आणि व्यक्तिस्वातंत्र्य, भाषणस्वातंत्र्य व सभास्वातंत्र्य हीं तिन्ही एका फटकाऱ्यासरशीं नाहींशीं झालीं. हिटलरच्या राजवटींत ही घटना रीतसर रद्द झालीच नाहीं. ती नांवापुरती उरली.

उलटपक्षीं, इंग्लंडांत एकत्रित लेखी घटना नाहीं. तरीही कायद्याचा आधार नसतां नागरिकाच्या घरांत शिरून कागदपत्रें नेणें हें मंत्र्याच्या हुकमानेंही समर्थनीय ठरत नाहीं, असा निकाल तेथील न्यायालयानें १७६५ सालीं एंटिक विरुद्ध कॅरिंग्टन या खटल्यांत दिला. मग लेख निरुपयोगीच म्हणावा काय?

भारताचा अनुभव या प्रश्नाचें अधिक सूक्ष्म उत्तर देतो. २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी पुकारली गेली आणि मूलभूत हक्कांसाठीं न्यायालयांत जाण्याची वाट बंद झाली. अनेक उच्च न्यायालयांनीं स्थानबद्धांचे अर्ज ऐकून घेण्याचें धैर्य दाखविलें. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक अशा बहुमतानें तेंही दार लावलें. न्यायमूर्ति हंसराज खन्ना एकटे विरुद्ध मताचे निघाले. त्याची किंमत त्यांना द्यावी लागली: १९७७ च्या जानेवारींत त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यांत आलें.

परंतु कथा येथें संपली नाहीं. मार्च १९७७ च्या निवडणुकींत मतदारांनीं सरकार बदललें. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनें ‘अंतर्गत अशांतता’ हें आणीबाणीचें सैल कारण काढून ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांचें २१वें कलम आणीबाणींतही तहकूब करतां येणार नाहीं, असें ठरविलें. पुढें २०१७ सालीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें १९७६ चा तो निकालही चुकीचा ठरविला.

यावरून लेखाचें खरें सामर्थ्य कोणतें, हें स्पष्ट होतें. तो सत्तेचा हात स्वतः धरीत नाहीं. परंतु मर्यादा कोठें मोडली हें सर्वांना दाखवितो, एकट्या पडलेल्या न्यायाधीशाला उभें राहावयास जागा देतो, आणि एकदां मिळालेला धडा पुढील पिढीसाठीं नोंदून ठेवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत हाच इशारा दिला होता: घटना कितीही चांगली असो, राबविणारे वाईट निघाले तर तीही वाईटच ठरते. लगाम उत्तम असला तरी तो धरणारा हात नागरिकांचाच असावा लागतो.