परीक्षेचं गाणं, वाडीतलं गाणं

दिवाळीचे कंदील उतरले की वसई-विरारमधल्या गाण्याच्या क्लासांत धांदल सुरू होते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं हिवाळी सत्र, शाळांची स्नेहसंमेलनं, डिसेंबरअखेरचा वसईचा कला-क्रीडा महोत्सव आणि पश्चिम पट्ट्यातला नाताळ, सगळं पाच-सहा आठवड्यांत येतं. एकच मूल सकाळी भूपाचे आलाप घोकतं, दुपारी शाळेत समूहगीताला उभं राहतं आणि रात्री आईच्या मोबाइलवर ट्रॅक लावून सिनेमाचं गाणं बसवतं. तिन्हीकडे त्याच्याकडून वेगळं काही मागितलं जातं, आणि हे मागणारे एकमेकांशी कधी बोलत नाहीत.

२००९ साली महापालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच १२ लाखांवर गेली होती. शहर वाढलं तसे क्लासही वाढले: बहुतेक सोसायटीतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, सोफा भिंतीला सारून. पेटी एक, तानपुरा मोबाइलच्या अॅपवर, तबलाही बऱ्याचदा यंत्राचाच. पालक चर्चगेट-अंधेरीहून विरार लोकलने परतेपर्यंत आठ वाजतात, म्हणून मुलांना आणणं-नेणं आजी-आजोबांकडे. शिकवणाऱ्या बहुतेक बायका, स्वतः विशारद झालेल्या, घर सांभाळून संध्याकाळच्या दोन-तीन तुकड्या घेणाऱ्या. या शहराच्या संगीतशिक्षणाचा भार त्यांच्यावर आहे, पण महोत्सवाच्या फलकावर त्यांची नावं क्वचितच दिसतात. (विरारशी गाण्याचं नातं यापेक्षा जुनंही आहे. पतियाळा घराण्याच्या ठुमरी गायिका निर्मलादेवी इथे राहत. लोक मात्र विरारला त्यांच्या मुलाच्या, गोविंदाच्या नावाने ओळखतात.)

या क्लासांचा कणा म्हणजे परीक्षा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८मध्ये मुंबईत आणलं, आणि १९३१मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय मंडळ स्थापन केलं. गाणं दरबारातून आणि बदनामीतून बाहेर काढून मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींच्या हाती द्यायचं, तर अभ्यासक्रम, पुस्तक आणि प्रमाणपत्र हवंच होतं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी त्यातून उभी राहिली. आज विरारच्या चौथ्या मजल्यावर एखादी मुलगी आरोह-अवरोह म्हणते, त्याचं श्रेय या शिडीला आहे.

पण परीक्षेची खोली म्हणजे मंच नव्हे. तिथे परीक्षक विचारतात, मूल उत्तर देतं: पकड सांग, झपताल हातावर धर, आता दुगुण कर. गाता गाता थांबवलं तरी चालतं. मंचावर थांबवणारं कुणी नसतं, सावरणारंही नसतं. तिथे सम चुकली तर पुढच्या आवर्तनात शांतपणे परत यायचं असतं, आणि त्याला गुण नसल्यामुळे ते शिकवलं जात नाही. त्यातच कलेच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळू लागले. आता काही पालक सातवी-आठवीत क्लास शोधत येतात आणि पहिला प्रश्न विचारतात: दहावीच्या आत किती परीक्षा होतील? त्यांना दोष देणं सोपं आहे. गुणांवर महाविद्यालयातला प्रवेश ठरणाऱ्या शहरात त्यांनी दुसरं काय विचारावं?

ट्रॅकचं प्रकरण मला याहून गंभीर वाटतं. लहान मुलांचा आवाज साधारण काळी चार, काळी पाचमध्ये खुलतो. ट्रॅक मात्र मूळ गायकाच्या पट्टीत असतो. मूल खालच्या सुरांना पुटपुटतं, वरच्या सुरांना किंचाळतं, आणि समोर टाळ्या पडतात. अॅपवर पट्टी बदलता येते, पण ते करणारे थोडे. शिवाय ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. गाणाऱ्याचा श्वास अडखळला हे ओळखून ठेका किंचित सैल धरणारा तबलजी मुलाला लाभला नाही, तर साथ म्हणजे काय हे त्याला कळणार कधी? वर्षातून एकदा तरी मुलाकडून जिवंत पेटी-तबल्यावर पाच-सात मिनिटांचा छोटा ख्याल गाऊन घ्यावा: स्थायी, अंतरा, चार आलाप, चार ताना, शेवटी साधीशी तिहाई. याहून जास्त काही नको.

मंचावर मुलाला किती लवकर आणावं, हा जुना वाद आहे. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत अकरा-बारा वर्षांच्या कुमार गंधर्वांनी जाणकारांना थक्क केलं. नामवंतांच्या ध्वनिमुद्रिका ते हुबेहूब गात. पण त्यानंतर ते ऑपेरा हाऊसजवळच्या प्रा. बी. आर. देवधरांच्या शाळेत राहून रीतसर शिकले. टाळ्या आधी, शिक्षण नंतर, असा तो उलटा क्रम. दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या लिटिल चॅम्प स्पर्धांनी त्यातला पहिला अर्धाच उचलला.

आता क्लासच्या बाहेर पडू. नंदाखाल, गास, पापडी या पश्चिम पट्ट्यातल्या गावांत मूल चर्चच्या गायकवृंदात आपोआप जातं. गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई, आणि त्या शिक्षणाच्या जोरावर गोव्याचे वादक पुढे मुंबईच्या सिनेमासंगीतात शिरले. वसईत मात्र १७३९ साली चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, तेव्हा पोर्तुगीज अंमल तुटला आणि तिथल्या घंटाही मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली, गीतं मराठी झाली, आणि आज पेटी-तबल्याशेजारी कीबोर्ड-गिटार असतं. वीस मुलांत एखाद्याचा सूर कच्चा असला तरी तो बाहेर काढला जात नाही. दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये उभं केलं की वर्षभरात त्याचा कान तयार होतो. आणि दर रविवारी लोकांसमोर गायचंच असतं. त्यामुळे भीती हा विषयच उरत नाही.

नालासोपारा पूर्वेला तीच गोष्ट भजनी मंडळांत घडते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आलेल्या कुटुंबांनी डबलबारी, म्हणजे दोन बुवांच्या भजनांचा सामना, इथे आणली. गणपतीत, हरिनाम सप्ताहात पोरं बुवांच्या मागे बसतात. आधी टाळ हातात मिळतो, मग कोरसमध्ये ओढून गाणं, मग कुणीतरी पखवाजावर बोल काढून दाखवतं. अभ्यासक्रम असा नाही, पण क्रम पक्का आहे, आणि चूक झाली तर झाकून घ्यायला दहा आवाज असतात. वसईच्याच जिल्ह्यात, जव्हारकडे, वारली मुलगा तारपा शिकतो तो घरातल्या माणसाकडे बघत. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचं ते वाद्य वाजवताना श्वास तुटू द्यायचा नसतो. तिथे नाच सुरू असतानाच वाजवायचं, सराव आणि कार्यक्रम वेगळे नाहीतच.

क्लासवाल्यांनी चर्च किंवा भजनी मंडळ व्हावं असं मी म्हणत नाही. रागाची शिस्त, स्वरांची ओळख, वहीतलं लेखन यांत क्लास पुढे आहे. क्लासला कमी पडतं ते ऐकणारं माणूस. वर्षाला एक मोठा वार्षिक कार्यक्रम, भाड्याचं सभागृह, ध्वनिवर्धकवाला, चाळीस मुलं, प्रत्येकी तीन मिनिटं आणि मधे पाहुण्यांची भाषणं. त्याऐवजी महिन्यातून एका रविवारी क्लासच्याच सतरंजीवर सहा मुलं, माइक न लावता, आजी-आजोबा आणि शेजाऱ्यांसमोर. मोठ्याने छोट्याची पेटी धरावी, छोट्याने मोठ्याला टाळी द्यावी. सभागृहाच्या भाड्यात वर्षभराच्या चहाचा खर्च निघेल.

आणि मुलग्यांचं बघा. तेरा-चौदाच्या सुमारास आवाज फुटतो, काळी पाचवरून पट्टी घसरत पांढरीत येते. क्लासमध्ये ही वर्षं परीक्षेची असतात, म्हणून मुलगा लाजून क्लास सोडतो. भजनी मंडळात त्या दोन वर्षांत त्याला पखवाज दिला जातो. गायकवृंदात त्याला खालच्या आवाजाच्या ओळीत हलवतात. क्लासमध्ये मात्र ‘आवाज बसलाय’ असं सांगून फी बंद होते. तबला-पेटी असलेल्या क्लासने त्या मुलाला बाजूच्या सतरंजीवर सरकवून ठेका धरायला बसवलं, तर सतरा-अठराव्या वर्षी नव्या आवाजात गायला तो तिथेच सापडेल.