संगणकातला रकाना हरवतो तेव्हा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात असतो, मिरजेहून सतार-तंबोरे परगावी निघालेले असतात, किंवा साताऱ्याच्या दुकानदाराला विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस गाठायचा असतो. नेमका तेव्हाच बिलाचा प्रोग्राम अडतो. पडद्यावर ‘इनव्हॅलिड कॉलम नेम’, ‘अननोन कॉलम’ किंवा जुन्या फॉक्सप्रोत ‘व्हेरिएबल नॉट फाउंड’ अशी ओळ उमटते. गाडी भरून उभी, हमाल खोळंबलेले. अशा घाईत कोणी सांगतो, ‘सगळे पुसून प्रोग्राम नव्याने टाका.’ व्यापारी मान डोलावतो आणि खरे नुकसान तिथेच होते.

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी प्रथम हे लक्षात घ्यावे की, या संदेशाचा अर्थ हिशेब बुडाला असा सहसा नसतो. संगणकातला डेटाबेस म्हणजे आखीव खतावणी. प्रोग्राम हा तिचा दिवाणजी. दिवाणजीला सांगितले, ‘एचएसएनच्या रकान्यातला आकडा बिलावर उतरव’. पण वही जुन्या आखणीची, तिच्यात तो रकानाच नाही. दिवाणजी थांबणारच! जमाखर्च जागच्या जागी असतो. वही आणि दिवाणजी यांचा मेळ मात्र तुटलेला असतो.

हा मेळ का तुटतो?

कायदा बदलला की वहीची आखणी बदलते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. राज्याच्या व्हॅटचा नोंदणी क्रमांक ‘व्ही’ धरून १२ अक्षरी होता. जीएसटीचा १५ अक्षरी आहे. १२ अक्षरांच्या रकान्यात १५ मावत नाहीत. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात ५० हजार रुपयांवरील माल धाडताना ई-वे बिल आले. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्याला नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या बिलावर चार आकडी आणि त्याहून मोठ्याला सहा आकडी एचएसएन लिहावा लागतो. प्रत्येक वेळी प्रोग्रामची नवी आवृत्ती आली; पण जुन्या डेटात नवे रकाने घालण्याचे काम काही ठिकाणी राहून गेले.

दुसरे कारण जुना बॅकअप. नव्या प्रोग्रामवर दोन वर्षांपूर्वीची प्रत चढवली की नवे रकाने गायब होतात. तिसरे, हौसेने करून घेतलेले बदल. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते बिलावर छापावे म्हणून कोणी बिलाचा नमुना बदलतो. पण डेटात त्यासाठी रकाना घालत नाही. चौथे, नावातली चूक. फॉक्सप्रोच्या साध्या फायलीत रकान्याचे नाव दहा अक्षरांहून लांब राहत नाही. प्रोग्राम बारा अक्षरी नाव शोधत बसतो.

सांगलीकरांसाठी आणखी एक खास बाब. हळदीचा एचएसएन ०९१० आणि बेदाण्याचा ०८०६. हा रकाना ‘आकडा’ म्हणून आखला असेल तर पुढचे शून्य गळते आणि ९१० किंवा ८०६ उरतो. रकाना दिसतो, पण जीएसटीचे पोर्टल तो क्रमांक स्वीकारत नाही. हा रकाना ‘अक्षर’ प्रकारचाच हवा. सतारीच्या ९२०२ ला ही अडचण नाही.

उपाय काय?

एक, संदेश जसाच्या तसा लिहून घ्या किंवा फोटो काढा. हरवलेल्या रकान्याचे नाव बहुधा त्यातच असते. दोन, काहीही करण्याआधी डेटाची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि ती कोणाला पुसू देऊ नका. तीन, काल-परवा काय बदलले ते आठवा: नवी आवृत्ती, बॅकअप की बिलाचा नमुना? चार, अडचण एकाच बिलात आहे की सगळीकडे, एकाच संगणकावर की सर्वांवर, ते पाहा. एकाच संगणकावर असेल तर तिथला प्रोग्राम वेगळ्या आवृत्तीचा असण्याचा संभव अधिक. पाच, कारागिराला बोलावून विचारा, ‘डेटाची आखणी नव्या आवृत्तीप्रमाणे केली का?’ दुरुस्ती आधी प्रतीवर करून घ्या. जुने एक बिल काढून पडताळा आणि मगच मूळ डेटाला हात लावू द्या.

फॉक्सप्रोवर चालणाऱ्या पेढ्यांनी जास्त जपावे. मायक्रोसॉफ्टने त्याची साथ जानेवारी २०१५ मध्ये पूर्ण सोडली आहे. रकाने जोडणारा जाणकार हाताशी आहे तोवरच डेटा नव्या प्रोग्रामात हलवणे शहाणपणाचे.

जीएसटी कायद्याप्रमाणे वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. अधिकाऱ्याने मागितल्यावर ‘संगणक बिघडला होता’ हे उत्तर चालत नाही. रकाना तासाभरात पुन्हा घालता येतो. पुसलेली सहा वर्षांची खतावणी परत आणणे कोणाच्याही हाती नाही.