वाढदिवस निसर्गाच्या सान्निध्यात : कुटुंबाचा आनंद आणि गावाचे हित

कुटुंबातील वाढदिवस हा आपल्याकडे पूर्वी घरातल्या घरात पार पडणारा सोहळा होता. सकाळी अभ्यंगस्नान, देवाला व वडीलधाऱ्यांना नमस्कार, सायंकाळी पाटावर बसवून निरांजनाने औक्षण आणि पानात एखादा गोड पदार्थ, एवढ्यावर तो संपत असे. शहरी जीवनाची गती वाढली, कुटुंबे लहान झाली, आईवडील दोघेही नोकरी करू लागले, तशी या दिवसाची मांडणीही बदलली. अलीकडच्या काळात मुलांचा वाढदिवस, आजीआजोबांची पंचाहत्तरी किंवा आईवडिलांच्या विवाहाचा वाढदिवस एखाद्या निसर्गरम्य स्थळी सहकुटुंब साजरा करण्याकडे कल वाढत आहे. चार भिंतींबाहेर पडून समुद्र, डोंगर, फुले व पाखरे यांच्या सहवासात दोन दिवस घालवावेत, ही इच्छा स्वाभाविक आणि स्वागतार्ह आहे.

परंतु ज्या गावात ही कुटुंबे जातात, त्या गावाच्या दृष्टीने या सहलीचा अर्थ काय? गावाला त्यातून चार पैसे मिळतात की केवळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा ढीग मागे राहतो? आणि ज्या निसर्गसौंदर्यासाठी माणसे येतात, ते दहा वर्षांनी शिल्लक राहील काय? महाराष्ट्रातील काही स्थळांच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नांचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

वेळास : जन्माचा सोहळा

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखालगत वेळास हे छोटे गाव आहे. नाना फडणवीसांच्या घराण्याचे गाव म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. आज मात्र त्याची ख्याती समुद्री कासवांमुळे अधिक आहे.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात साधारणपणे शंभर ते सव्वाशे अंडी घालते आणि खड्डा बुजवून समुद्रात परत जाते. पुढे तिचा त्या अंड्यांशी संबंध उरत नाही. वाळूच्या उबेने सुमारे ४५ ते ६० दिवसांत पिले बाहेर पडतात. वाळू अधिक तापलेली असल्यास माद्यांचे प्रमाण वाढते, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे.

पूर्वी या अंड्यांची चोरी होत असे आणि उरलेली अंडी कुत्री व कोल्हे फस्त करीत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने येथे संरक्षणाचे काम सुरू केले. गावकरी, ग्रामपंचायत आणि वनविभाग या कामात सहभागी झाले. पहाटे किनाऱ्यावर फिरून मादीच्या पायांचा माग काढावयाचा, घरटे शोधावयाचे, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरावयाची आणि पिले बाहेर आली की त्यांना समुद्राकडे मार्गस्थ करावयाचे, अशी ही पद्धत आहे. यथावकाश या कामाला कासव महोत्सवाची जोड मिळाली. पिलांची ही पहिली वाटचाल पाहण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली.

येथील विशेष असा की, पाहुण्यांची व्यवस्था प्रामुख्याने गावकऱ्यांच्या घरांतच होते. माडापोफळीच्या सावलीतील घरात मुक्काम, ओटीवर झोप, पंक्तीला भात, आमटी, सोलकढी आणि एखादे दिवशी उकडीचे मोदक. यासाठी गावाला नवी इमारत उभारावी लागली नाही. होती तीच घरे आणि होता तोच स्वयंपाक उपजीविकेचे साधन झाला. हे उत्पन्न थेट घरात, विशेषतः घरातील स्त्रीच्या कष्टाच्या मोबदल्याच्या रूपाने येते. किनाऱ्यावरील अंडी जपली तर वर्षानुवर्षे पाहुणे येतील, हे गणित गावाने ओळखले. संरक्षणाचा उपदेश जेथे अपुरा पडतो, तेथे उपजीविकेशी जोडलेले संरक्षण टिकते, हा वेळासचा खरा धडा होय.

पिले सकाळी व सायंकाळी समुद्राकडे सोडली जातात. त्यांना उचलून पाण्यात टाकीत नाहीत. वाळूवरचे ते अंतर त्यांनी स्वतःच्या पायांनी कापावे, अशी काळजी घेतली जाते. मोठी झालेली मादी अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मस्थानाच्या परिसरात परत येते, हे या प्राण्याचे वैशिष्ट्य आहे. प्रेक्षकांनी दोरीच्या मागे उभे राहावे, पिलांना हात लावू नये, छायाचित्र घेताना झोताचा दिवा वापरू नये, असे नियम आहेत. पिले क्षितिजावरील उजेडाच्या रोखाने चालतात. किनाऱ्यावरील विजेचे दिवे त्यांची दिशाभूल करतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली या प्राण्याला सर्वोच्च दर्जाचे संरक्षण आहे, हेही पाहुण्यांनी लक्षात ठेवावे.

आठ वर्षांच्या मुलाने आपल्या वाढदिवशी तळहाताएवढेही नसलेले पिलू लाटेत शिरताना पाहिले, तर जन्म म्हणजे काय आणि जगण्याची धडपड म्हणजे काय, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कास : मर्यादेचे महत्त्व

सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून अंदाजे १,२०० मीटर उंचीवर कासचे पठार आहे. जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर, त्यावर मुसळधार पाऊस, आणि पावसाळा ओसरू लागताच उमलणारी फुलांची चादर, असे त्याचे स्वरूप आहे. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, गेंद, कीटकभक्षी दवबिंदू अशा नाना जाती येथे आढळतात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यात महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार स्थळे आहेत.

ख्याती वाढली तशी गर्दीही वाढली. येथील अनेक वनस्पती वर्षायू आहेत. बी रुजते, रोप वाढते, फूल येते, बी पडते आणि रोप मरते, हे सारे काही महिन्यांत घडते. त्यामुळे एक फूल तोडले की पुढील वर्षाचे बी नष्ट होते आणि छायाचित्रासाठी ताटव्यात टाकलेले एक पाऊल कित्येक रोपांचा अंत करते. मातीचा थर एकदा धुपला की तो पुन्हा तयार होण्यास मनुष्याचे आयुष्य पुरत नाही.

यावर उपाय म्हणून वनविभाग व परिसरातील गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनी फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी, दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि वाहने पठारापासून दूर थांबविण्याची व्यवस्था केली. पठारावर लक्ष ठेवणे, वाट दाखविणे, वाहनतळ सांभाळणे ही कामे परिसरातील तरुणतरुणींना मिळाली. शनिवार-रविवारी लांबून आलेल्या कुटुंबाला नोंदणीअभावी परत जावे लागते, तेव्हा त्याची निराशा होते हे खरे; परंतु मर्यादा नसती तर पाहण्याजोगे काही उरले नसते, हेही तितकेच खरे आहे.

काजवे : अंधाराचे वैभव

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवरील भंडारदरा धरणाच्या परिसरात, मे महिन्याच्या अखेरीस व जूनच्या प्रारंभी काजव्यांचे जे दर्शन घडते ते अपूर्व असते. १९२६ साली पूर्ण झालेले हे धरण, महाराष्ट्रातील सर्वांत उंच म्हणजे १,६४६ मीटरचे कळसूबाईचे शिखर आणि रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर यांमुळे हा परिसर मुळातच प्रेक्षणीय आहे. पावसाच्या आगमनापूर्वी येथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर लक्षावधी काजवे एका लयीत चमकू लागतात.

ही रोषणाई म्हणजे काजव्यांची विवाहघाई होय. नर आपल्या प्रकाशाच्या संकेताने मादीला बोलावितो आणि मादी प्रकाशानेच उत्तर देते. प्रौढावस्थेत त्यांना जेमतेम काही आठवड्यांचे आयुष्य लाभते. या अल्पकाळात मोटारींचे प्रखर दिवे व विजेऱ्यांचे झोत त्यांच्यावर पडले, तर संकेत हरवतो, मीलन होत नाही आणि पुढच्या वर्षी झाडे तितकी उजळत नाहीत. मादी ओलसर मातीत व पालापाचोळ्यात अंडी घालते. झाडाखाली गर्दीने तुडविलेल्या जमिनीत ती टिकत नाहीत. म्हणून वाहने दूर उभी करावीत, विजेरीला लाल कागद लावून ती जमिनीकडे रोखावी, मुख्य वाट सोडू नये आणि कर्णे मुळीच लावू नयेत. अंधार व शांतता हीच येथील संपत्ती आहे.

तारीख आधी की ऋतू आधी?

बहुतेक कुटुंबे प्रथम वाढदिवसाची तारीख धरतात आणि मग स्थळ शोधतात. निसर्गालाही आपले पंचांग आहे. ते आपल्या दिनदर्शिकेसाठी थांबत नाही. म्हणून ज्या महिन्यात वाढदिवस येतो, त्या महिन्यात कोठे काय पाहण्याजोगे आहे, याचा विचार आधी करावा. जानेवारी-फेब्रुवारीत निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर जलाशयावर स्थलांतरित पक्षी असतात. २०२० साली रामसर यादीत आलेली ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा. मार्च महिना वेळासचा, मे-जून काजव्यांचा आणि सप्टेंबर कासचा. भर उन्हाळ्यात वृद्धांना व बालकांना माथेरान सोयीचे. तेथे खाजगी मोटारगाड्यांना गावात प्रवेश नाही आणि १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरान ही छोटी रेल्वे मुलांना स्वतंत्र आनंद देते.

हे करूनही निराशेची तयारी ठेवावी. एखाद्या दिवशी वेळासला एकही पिलू बाहेर येत नाही, कासवर दाट धुके उतरते, भंडारदऱ्याला पाऊस लवकर येऊन काजवे दिसेनासे होतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे. पैसे भरले म्हणून निसर्ग हजर होत नाही, हे कळणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

समारंभाच्या पद्धतीतही विवेक हवा. फुगे, चकचकीत कागदाचे तुकडे, फटाके, आकाशात सोडावयाचे कंदील व ध्वनिक्षेपक घरीच ठेवावेत. समुद्रात गेलेला फुगा कासवाच्या पोटात जाऊ शकतो आणि वाळलेल्या गवतावर पडलेला जळता कंदील डोंगर पेटवितो. त्याऐवजी यजमान घरी निरांजनाने औक्षण करावे, गावातील गोडाधोडाचे जेवण सांगावे आणि स्थानिक माणसाला वाटाड्या म्हणून घ्यावे. कुटुंबाचा खर्च गावातच राहील, असा प्रयत्न असावा.

ग्रामपंचायतींनी व शाळांनी काय करावे?

ज्या गावांत पाहुणे येऊ लागले आहेत, तेथील पंचायत सदस्यांनी गर्दी वाढण्याची वाट न पाहता आरंभीच काही निर्णय ग्रामसभेत घ्यावेत. गाव किती पाहुणे सामावू शकते, पाणी किती दिवस पुरते, वाहनतळ कोठे असावा, कचरा कोण गोळा करणार आणि त्याचे शुल्क किती, हे ठरलेले असावे. ज्या घरांत पाहुणे उतरवावयाचे, तेथे स्वच्छ शौचालय, पिण्याचे शुद्ध पाणी आणि दरांची एकवाक्यता हवी. पाहुणे आळीपाळीने सर्व घरांत जावेत, मोजक्या घरांचीच भरभराट होऊ नये, हेही पाहावे. अन्यथा ज्यांना काहीच लाभ नाही, ते संरक्षणात मनापासून सहभागी होत नाहीत. शासनाचे २०२० सालचे कृषी पर्यटन धोरण आणि निवास व न्याहारी योजना यांची माहिती गरजूंपर्यंत पोहोचविणे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सहज शक्य आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही कपाटात पडून राहते. वस्तुतः गावात कोणते फूल केव्हा उमलते, कोणता पक्षी केव्हा येतो, हे सांगणारे ते गावाचे स्वतःचे पंचांगच आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून या नोंदी करून घेतल्या, तर उद्याचे वाटाडे त्याच वर्गात तयार होतील. शहरातील शाळांनीही वर्गातील वाढदिवसाच्या निमित्ताने मुलांना आपल्या परिसरातील एखादे झाड, तळे वा टेकडी यांची ओळख करून द्यावी. प्रत्येकाला दूरचा प्रवास परवडेलच असे नाही.

निसर्गस्थळी साजरा झालेला वाढदिवस कुटुंबाच्या दीर्घकाळ स्मरणात राहतो. मात्र आज ज्या मुलाचा आठवा वाढदिवस साजरा होतो आहे, त्याला आपल्या मुलांना घेऊन त्याच किनाऱ्यावर, त्याच पठारावर, त्याच काळोख्या रानात पुन्हा जाता आले पाहिजे. पाहुण्यांचा संयम आणि गावाची सावधगिरी यांची सांगड घातली, तरच हे साध्य होईल. वेळास आणि कास येथील गावांनी त्या दिशेने वाट काढली आहे. इतर गावांनीही आपल्या परिस्थितीनुसार ती अनुसरावी.